लवंग पोहोचेपर्यंत

सर्व पत्तेबाज बंधुभगिनींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, ज्या उज्जैनमध्ये एके काळी अख्ख्या देशाची वेळ ठरत असे, त्याच उज्जैनमध्ये वेळेचा सर्वांत मोठा गुन्हेगार राहत होता. मुक्काम माधव नगर. गुन्हा : ब्रिजच्या टेबलावर चारचौघांचा वेळ खाणे. शिक्षा : दर स्पर्धेत गुण कापले जाणे. आरोपीचा साथीदार : मी. कारण ब्रिज जोडीने खेळतात, आणि गुण कापले की जोडीचे कापतात.

लोक त्यांना मुहूर्तमामा म्हणत. पत्ते हातात आले की मामा एक लवंग डाव्या गालात ठेवत. मोठी बोली लावायची असो, ‘बोली नाही’ सांगणारं पासचं हिरवं कार्ड ठेवायचं असो की नुसती दुर्री टाकायची असो, ती लवंग सावकाश डाव्या गालातून उजव्या गालात जायची. पोहोचली, की पत्ता पडायचा. पुढच्या पाळीला तीच लवंग परतीच्या प्रवासाला निघायची. समोरचे लोक मामांच्या पत्त्यांकडे नाही, गालाकडे बघत बसत. इंदूरचे कापडवाले सेठजी तर हातच जोडत. "मामासाब, पत्ता फेंको यार, शिप्राजी सूख जाएँगी!"

"आ रही है सेठ," मामा शांतपणे म्हणत, "आउटर पे खड़ी है."

आउटर, म्हणजे स्टेशनाबाहेर गाडी अडवणारा सिग्नल, तोंडात बसलेला होता, कारण हा माणूस जन्मभर रेल्वेत गार्ड होता. गाडीला उशीर झाला की घरात सुतक असल्यासारखा चेहरा करायचा. देवास गेटच्या गर्दीतून स्कूटर अशी काढायचा की मागे बसून मी महाकालाला डोळे मिटून नमस्कार करायचो. मामी म्हणायच्या, "घरी यांच्या जिभेला सिग्नलच नाही. भाजी तोंडात जायच्या आधी मीठ कमी आहे म्हणून सांगतात. मग तुमच्या त्या टेबलावरच काय होतं हो यांना?"

हाच प्रश्न मीही एकदा विचारला. नुकतेच आमचे गुण कापले गेले होते आणि आम्ही पोह्यांच्या ठेल्यावर उभे होतो. मामांना सगळे मामा म्हणत, म्हणून मामा सगळ्यांना भाचेराव म्हणत.

"मामा, त्या डावात तुमच्याकडे एक चित्र नव्हतं. राजा नाही, राणी नाही, गुलामसुद्धा नाही. पास म्हणायला एवढा वेळ?"

"भाचेराव, चांगले पत्ते असताना मी विचार केला आणि रद्दी असताना पटकन पास म्हटलं, तर तुला काय कळेल?"

"की तुम्ही थांबलात म्हणजे हातात काहीतरी आहे."

"मग ते मी बोलून सांगितलं काय आणि थांबून सांगितलं काय? दोन्ही चोरीच." त्यांनी पोह्यांवर आणखी शेव मागून घेतली. "म्हणून मी नेहमीच थांबतो. सारखाच. लवंग कुणाला काही सांगत नाही."

पोहेवाला म्हणाला, "बात तो सही है मामासाब, पर प्लेट तो खाली करो, पीछे लाइन लगी है."

आता एका वर्षीची गोष्ट. माळव्याच्या वार्षिक स्पर्धेचे यजमान आम्हीच, आणि तिचा कप उज्जैनच्या जोडीने कधीच जिंकलेला नव्हता. शेवटच्या फेरीत आम्ही पुढे होतो. अगदी केसभर. समोर बसले सेठजी आणि त्यांचे डॉक्टर जोडीदार, दुसऱ्या नंबरावर. उशिरासाठी आमची ताकीद आधीच खाऊन झालेली. आता घंटेच्या आत डाव संपला तर कप आमचा; न संपला आणि उशीर आमचा ठरला, तर गुण कापले जाणार आणि कप इंदूरला. पंच बाई मामांच्या खुर्चीमागे घड्याळ घेऊन उभ्या.

मी पाण्याच्या निमित्ताने मामांच्या कानाशी गेलो. "मामा, आजच्या दिवस लवंग राहू द्या. हात जोडतो."

मामांनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं, डबी उघडली, आणि लवंग डाव्या गालात ठेवली.

शेवटचा डाव सुरू झाला. लवंग निघाली. मामांचा पास. लवंग परतली. पुन्हा पास. डाव सेठजींच्या बोलीवर गेला. मग एकेक पत्ता, एकेक प्रवास. सगळ्या हॉलचा श्वास मामांच्या गालात अडकलेला. काही पत्ते हातात उरले असताना घंटा वाजली.

राहिलेले पत्ते खेळून झाल्यावर पंच बाईंनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "देर किसकी तरफ से हुई?" कुणी तक्रार केली नाही, तर दंड दोन्ही जोड्यांत वाटला जातो. तसा वाटला असता, तर कप आमचाच होता. सेठजी खाली बघत होते. भला माणूस. बोलणार नव्हते.

मामांनी हात वर केला. "मेरी तरफ से, बहनजी. इनका कोई दोष नहीं."

मी मामांचे खेळून झालेले पत्ते उलटून बघितले. रद्दी. एक चित्र नाही.

"मामा, यात विचार कशाचा केलात?"

"कशाचाच नाही," मामा म्हणाले. "आज घाई केली असती, तर आजवरचं थांबणं खोटं झालं असतं."

कप इंदूरला गेला. मला राग यायला हवा होता. पण मामांच्या मागे स्कूटरवर बसून घरी जाताना मी अशा ऐटीत होतो, जणू कप माझ्याच मांडीवर आहे.

पुढच्या हिवाळ्यात मामा गेले. स्पर्धेच्या सुरुवातीला त्यांच्यासाठी दोन मिनिटं मौन पाळलं. मामांना ती पुरली नसती.

मी नव्या जोडीदाराबरोबर खेळायला बसलो. डाव वाटला गेला, पत्ते उघडले : रद्दी. हिरवं कार्ड बोटांत होतं. पण मामींनी सकाळीच मामांची डबी माझ्या खिशात घातली होती. मी एक लवंग डाव्या गालात ठेवली, आणि ती सावकाश निघाली. पंच बाई घड्याळ बघत माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या.

स्पर्धेच्या हॉलमध्ये बोलायचं नसतं. पण समोर सेठजी होते. ते माझ्या गालाकडे बघत राहिले, बघत राहिले, आणि एकदम खुर्चीतून उठून अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असे ओरडले,

"मैडम, काटो पेनल्टी! मामासाब आ गए!"