नाकाला पदर

बेंगळुरात आमच्या चामराजपेटेमागच्या ओढ्याला आता कठडा आहे, बाकं आहेत, भिंतीवर रंगवलेले मासे आहेत. लोक फिरायला येतात. खालून गटारच वाहतं.

दर शुक्रवारी एक म्हातारी खण-नारळ घेऊन यायची. गंगेची ओटी भरायची म्हणून नाकाला पदर लावून कठड्याशी उभी राहायची आणि तशीच परत जायची.

एकदा मी म्हणालो, "अक्का, स्वल्प वाका आणि सोडा की पाण्यात."

"नाक झाकून कुणाची ओटी भरतात का हो अण्णा?"

तिनं पदर काढला, वाकली, श्वास घेतला आणि तिथंच ओकली. नारळ घरी नेला. पुन्हा आली नाही.

काल एका जोडप्यानं त्या माशांपुढे फोटो काढायला सांगितलं. मी श्वास रोखून म्हणालो, "हसा."