होडीची जागा

मैलूरचा तो सुतार जन्मभर बैलगाड्याच करत आलेला. धरणावरची आमची मासेमारीची होडी ट्रॉलीवर घालून त्याच्या दारात नेली, तर होडीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. ट्रॉलीवरच्या ज्या दोन लाकडांवर ती टेकायची, तिथंच वाकून बोटं फिरवत बसला. लाकडं झिजून बोल्ट वर आले होते आणि होडीचा तळ खरवडत होते.

काहीही विचारा, तो आधी 'व्हय' म्हणायचा, मग मान हलवून 'न्हाई'.

होडी उतरवून त्यानं बाभळीची नवी लाकडं बसवली आणि डोळे मिटून त्यांच्यावर पालथा पडला.

"अण्णा, कामून पडलाव?"

"पोटाला कुठं टोचायलंय, बघायलोय."

उठून दोन जागी रंधा मारला, वर जुनं घोंगडं ठोकलं.

होडी पाण्यात सोडायला तोही आला. मी म्हणालो, "बसा, एक फेरी मारू."

"व्हय... न्हाई."

आम्ही परतलो, तर रिकाम्या ट्रॉलीवर तो तसाच पालथा घोरत होता. चाहूल लागताच धडपडून उठला, घोंगडं हातानं झटकलं आणि आमच्याकडे न बघता होडीला म्हणाला, "ये बाई. पड आता."