कोयनेकाठी, कुठंतरी

मिरज जंक्शनला उतरल्यावर लुचिया फलाटावर उभी राहिली आणि तिने डोळे मिटून खोल श्वास घेतला. चहा, डिझेल, कुणाच्या तरी डब्यातली चटणी असा सगळा मिळून वास होता. "तुझ्या आजोबांचा मुलूख इथून अजून लांब आहे," मी तिला म्हटलं. तरी तिने आणखी एकदा श्वास घेतला.

मी मूळची मिरजेची. नर्सिंग इथेच शिकले आणि आता बरीच वर्षं इटलीत, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावातल्या रुग्णालयात काम करते. लुचियाची आई माझ्या वॉर्डात होती. औषधाचा पेला हातात दिला की ती तो कपाळापर्यंत उचलायची आणि म्हणायची, "चांगभला!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आपल्यालाच 'चांगभलं' ऐकल्याचा भास झाला. लुचियाने सांगितलं, आमच्या घरात जेवायला बसताना असंच म्हणतात, आजोबांनी शिकवलंय.

हे आजोबा म्हणजे मारुती. दुसऱ्या महायुद्धात पलटणीतून आफ्रिकेच्या लढाईत गेले, पकडले गेले, कैदी म्हणून इटलीत आले आणि छावणीतून पळाले. डोंगरातल्या मेंढपाळांनी त्यांना लपवून ठेवलं. पुढे त्यातल्याच एकाच्या मुलीशी लग्न करून ते तिथेच राहिले, सासऱ्यांचं आडनाव लावलं, जन्मभर मेंढरं राखली. घरी कुणी गाव विचारलं तर एकच शब्द सांगत, 'करसुंदी'. नाहीतर बिरा नावाच्या भावाबद्दल बोलत. घरच्यांना वाटायचं, करसुंदी ही एखादी देवी असावी.

त्या हिवाळ्यात लुचियाची आई गेली. क्रियाकर्म आटोपल्यावर लुचिया माझ्याकडे आली. "आजोबा जिथे जन्मले ती जागा मला बघायची आहे. आईला बघायची होती. तू चल."

करसुंदी म्हणजे आटपाडीजवळची खरसुंडी असणार, हे मी ओळखलं होतं. माझ्या भावाने गाडी काढली. फेब्रुवारीचे दिवस होते. तासगावच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा आणि बेदाण्याची शेडं, जाळ्यांवर पसरलेली हिरवट-पिवळी द्राक्षं. एका शेडवरच्या बाईने लुचियाची ओंजळ बेदाण्यांनी भरली आणि ती खाईपर्यंत समोर उभी राहिली. विट्याच्या पुढे हिरवं मागे पडलं. माळ उघडे झाले, आणि तिथेच आमची गाडी तापून थांबली. भाऊ बॉनेट उघडून पाण्याची बाटली शोधत होता. लुचिया रस्त्याकडेच्या दगडावर बसून लांबवर बघत होती. "हे आमच्या डोंगरासारखं अजिबात नाही," ती म्हणाली. "त्यांना तिथे करमलं कसं?"

खरसुंडीला नाथाच्या देवळाबाहेर चार-पाच म्हातारे बसले होते. त्यांना विचारलं.

"पलटणीत गेल्याला मारुती? आवं, लय मारुती गेलं. कंचा म्हणायचा?"

"मेंढरं राखणाऱ्यांतला. भावाचं नाव बिरा."

त्यांच्यात बराच वेळ वाद झाला. शेवटी एकजण म्हणाला, "बिरा हितला न्हवं. त्यो म्हसवडच्या अंगाचा, सातारा जिल्ह्यातला. जत्रंला यायचा दरसाल. नाथ त्यांचा कुळस्वामी, म्हणून खरसुंडी सांगितली आसंल."

म्हणजे इतकी वर्षं त्या घराने जपलेला शब्द गावाचा नव्हताच, देवाच्या ठिकाणाचा होता. लुचियाला हे सांगितलं तर ती उठून परत देवळात गेली आणि दाराशी बराच वेळ उभी राहिली.

आटपाडीवरून आम्ही माण तालुक्यात शिरलो. विचारत विचारत उन्हं कलायच्या सुमाराला एका वाडीवर पोचलो. वाडीचं नाव लिहीत नाही, त्या घरच्यांची तशी इच्छा आहे. तरुण माणसं मेंढरं घेऊन पश्चिमेकडे गेलेली. मागे म्हातारी माणसं, थोड्या शेळ्या आणि डाळिंबाचा एक तुकडा. बिराचा मुलगा, ज्याला सगळे तात्या म्हणतात, अंगणात बाजेवर बसला होता. पंचाहत्तरीच्या पुढचा, गुडघे गेलेले, आवाज मात्र खणखणीत.

"मारुती आमचा चुलता," तो म्हणाला. "बेपत्ता झाला म्हणून सरकारनं कळिवलं हुतं. पर काकीनं मानलं न्हाई."

"काकी?"

"त्याची बायकू की. सालभर बी संवसार झाला न्हवता. मेल्याला कुणी बघितलाय का, म्हणायची. कुकू पुसलं न्हाई. त्याचा टाक करू दिला न्हाई." (टाक म्हणजे घरातल्या मेलेल्या माणसाची देव्हाऱ्यात पुजायची चांदीची छोटी प्रतिमा.) "माझी आई लवकर गेली, मला काकीनंच वाढिवलं. आता देव्हाऱ्यात तिचा टाक हाय, त्याचा न्हाई."

मी भाषांतर करायची थांबले. लुचिया माझ्या तोंडाकडे बघत होती.

"काय म्हणाले?"

मी सांगितलं. आजोबांची इकडे बायको होती, हे तिच्या आजीलाही माहीत नव्हतं. "आता तिकडचं यांना सांगू का, सगळं?" मी विचारलं. ती म्हणाली, "अर्धं सांगायला आपण इतक्या लांब आलो नाही."

वाईट बातमी सांगायची माझ्या कामात सवय होते. पण ती बातमी मरणाची असते. माणूस जिवंत होता, हे वाईट बातमीसारखं सांगायची वेळ पहिल्यांदाच आली.

"जिता हुता?" तात्या म्हणाला. "कवापातूर?"

"मी शाळेत जात होते तोपर्यंत," लुचियाचं उत्तर मी सांगितलं.

"बायकू, पोरं?"

"होती."

"आन एक कागुद न्हाई? एक निरोप न्हाई?"

लुचिया म्हणाली, सुरुवातीला पलटण सोडल्याची शिक्षा होईल म्हणून भीती होती. मग मुलगी झाली. मग फार उशीर झाला असं वाटत असेल. खरं काय ते ते कधीच बोलले नाहीत. तात्याने ऐकून घेतलं, काठी घेतली आणि शेळ्यांकडे निघून गेला.

त्याची बायको, शेवंतामावशी, चहाचे कप ठेवून आमच्यासमोर बसली. "काकी सांजच्याला त्या बांधावर जाऊन बसायच्या," ती म्हणाली. "शेवटची एसटी गेली की उठायच्या. मी नवी हुते तवा मला हसू यायचं. मग मीच त्यांच्यासंगं बसाय लागले."

"त्यांचं नाव काय होतं?" लुचियाने विचारलं.

"हौसा."

लुचिया माझ्याकडे वळली. "परत म्हणायला सांग."

"हौसाबाई," मावशी म्हणाली.

"आउसा," लुचिया म्हणाली. इटालियनमध्ये 'ह' उच्चारत नाहीत. "माझ्या आईचं नाव आउसा. आमच्या गावात हे नाव दुसऱ्या कुणाचं नाही. आजीने विचारलं होतं, तर म्हणाले, आमच्याकडे हे नाव चांगलं मानतात."

वॉर्डात त्या बाईंना सगळे आडनावानेच हाक मारत. कागदावर ते नाव मी किती वेळा वाचलं असेल, पण ते आपलं नाव असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मावशीला मी समजावून सांगितलं. ती पदर तोंडाला लावून बसली आणि मग उठून तात्याकडे गेली.

तात्या परत आला तेव्हा लुचियाजवळ बसला, पण बोलला माझ्याशी. "लेकीला तिचं नाव दिलं. रोज हाक मारली आसंल. पर जिला मारायची ती हितं बसली हुती."

बाजरीची भाकरी, कांदा आणि खर्डा असं जेवण झालं. खर्ड्याने लुचियाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते खर्ड्याचंच आहे असं आम्ही सगळे धरून चाललो. त्या दिवशी ती जेवायला बसताना चांगभलं म्हणाली नाही.

सकाळी तिने विचारलं, आजोबांचा जन्म यातल्या कुठल्या खोलीत झाला? तात्या पहिल्यांदाच किंचित हसला.

"हितं कुटला! आजी मेंढरामागं हुती. माघात वाडा" (म्हणजे मेंढरांसकट पडलेला मुक्काम) "पाटणच्या खालतं बसला हुता, कोयनेच्या काठाला. तितं झाला. दुसऱ्या दिशी पोराला घोड्यावर घातलं आन वाडा म्होरं निघाला."

"कोयनेकाठी कुठे?"

"कुटंतरी." मग काठी जवळ ओढून म्हणाला, "मी येतो. गुडघं गेल्यापास्नं तिकडं गेलोच न्हाई."

दहिवडी, वडूज, कऱ्हाड असं करत दुपारी आम्ही पाटणच्या अलीकडे कोयनेकाठी उतरलो. ऊस तोडून मोकळ्या झालेल्या रानात खरोखरच एक वाडा बसला होता. माणदेशचीच माणसं. तात्याला बघून एकजण पळत आला, भावकीतला निघाला. तात्याने काठी उचलून नदीच्या एका वळणापासून दुसऱ्या वळणापर्यंत हवेत रेघ ओढली. "हितनं तितपातूर. कुटंबी."

लुचियाने बूट काढले आणि पाचटातून चालत पाण्यापर्यंत गेली. गाव शोधायला आलेल्या बाईला नदीचा एक तुकडा दाखवला होता. तिने तक्रार केली नाही. वळणापासून वळणापर्यंत ती सगळी चालून आली, बोचलेल्या पायांनी.

तात्या म्हणाला, मी दोन दिवस इथेच राहतो, पोरं पोचवतील. निघताना लुचियाने त्याचे दोन्ही हात धरले. टाक करणार का, असं तिला विचारायचं होतं. मी विचारलं.

"काकीनं ठिवला न्हाई, मग मी कोण ठिवणार?" तो म्हणाला. "आन तिला सांग, आमाला राग हाय. त्यो जायाचा न्हाई. पर तू येत जा."

मी एकही शब्द न गाळता सांगितलं. लुचियाने मान हलवली. आमची गाडी वळली तेव्हा तो मेंढरांत उभा होता, पाठमोरा, एका कोकराचं तोंड उघडून बघत.

दोन दिवसांनी आम्ही मिरज सोडलं. आई फलाटावर आली होती. पोचलीस की कळव, असं नेहमीसारखं म्हणाली. दरवेळी मी हे वाक्य अर्धवट ऐकते. गाडी हलली, लुचिया खिडकीशी बसली, आणि सांगली स्टेशन यायच्या आधीच मी आईला फोन लावला.

"काय गं, काही राहिलं का?"

"नाही," मी म्हटलं. "नुसताच लावला."