मामांची हद्दपारी

थंड हवेच्या ठिकाणाला मनापासून नावं ठेवणारा आणि तरी दरवर्षी तिथेच मुक्कामाला जाणारा माझ्या मामांसारखा दुसरा माणूस अख्ख्या विदर्भात सापडायचा नाही. नरखेड तालुक्यात त्यांचा संत्र्याचा बगीचा. सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोजागिरी आटोपली की मामी त्यांना चिखलदऱ्याला न्यायची, आणि राखणीला मला, नागपूरच्या प्रतापनगरातल्या भाच्याला, कचेरीतून रजा काढायला लावायची.

राखणीला म्हणजे खरोखरच मामांच्या राखणीला. बगीच्यातलं फळ झाडावर असतानाच व्यापाऱ्याला विकलं जायचं. सौदा झाला की तोड व्यापाऱ्याच्या माणसांची. मालकानं त्यात बोलायचं नाही, अशी रीत. मामांना ती मान्य होती, फक्त पाळता येत नव्हती. कोणी फळ हिसडा मारून ओढलं की त्यांचाच कान ओढल्यासारखे ते ओरडत. एका वर्षी असंच ओरडता ओरडता छाती धरून झाडाखाली बसले, ते नागपूरच्या इस्पितळातच शुद्धीवर आले. ‘तोडीच्या दिवसांत यांना बगीचा दिसता कामा नये,’ डॉक्टरांनी मामीला बजावलं. ‘पुन्हा असं झालं तर माझ्या हातात काही राहणार नाही.’

चिखलदऱ्याला आमची एक लाकडी बंगली ठरलेली होती. दोन खोल्या, वर कौलं, पुढे व्हरांडा आणि समोर दरी. मामा धोतरावर माझा स्वेटर चढवून व्हरांड्यात बसत आणि निसर्गाच्या चुका काढत. लोक ज्या दरीपुढे फोटो काढत, तिच्याकडे बघून ते म्हणत, ‘एवढी जमीन, अन् सारी उभी! पेरावं कुठं मानसानं?’ सकाळी धुकं उतरलं की मामी हरखून जाई. मामांना फळावर पडणारे डाग दिसत. पहाटे उठून ते भिंतीवर विहिरीच्या मोटारीचं बटण चाचपत, मग आपण कुठे आहोत हे आठवून खोकत बाहेर येत. एकदा शेजारच्या बंगलीत नवं लग्न झालेलं जोडपं उतरलं होतं. मामांनी त्यांच्या दारातल्या गुलाबाला आळं करून दिलं आणि शेणखतावर तासभर सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्या दोघांनी बंगली बदलली.

मी सोबत जाऊ लागल्याच्या तिसऱ्या वर्षी, पाचव्या दिवशी सकाळी मामा व्हरांड्यात नव्हते. मामी हातातला चहा तसाच ठेवून बंगलीच्या मागे बघायला गेली. मी तसाच स्टँडवर धावलो. परतवाड्याच्या एस.टी.त, खिडकीशी, माझाच स्वेटर घालून मामा बसले होते.

‘काहून धावून राहिला गा एवढा?’ तेच मला विचारू लागले.

‘मामा, उतरा.’

‘तोड सुरू झाली असन. मी काही बोलत नाही. एक डाव पाहतो अन् येतो.’

न बोलता पाहणं त्यांना जमणार नाही, हे त्यांना, मला आणि बहुधा कंडक्टरलाही कळत होतं. मी हात धरला, त्यांनी सोडवला. तेवढ्यात धापा टाकत मामी आली, थेट गाडीत चढली आणि त्यांच्या शेजारी बसली.

‘सरका जरा.’

‘तू कुठं चालली वं?’

‘तुमच्यासंगं. तुमाले तिथं काही झालं, तं मले इथं कसं समजन?’

मामांनी तिच्या पायांकडे पाहिलं. ती अनवाणीच आली होती. कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा मामा उठले आणि म्हणाले, ‘थांब गा बाबू, बाईले उतरू दे. घाट लागते तिले.’ मामीला आयुष्यात कधी घाट लागला नव्हता. परत येताना त्यांनी तिला स्वतःच्या वहाणा दिल्या आणि वाटभर रस्त्याच्या खडीला शिव्या दिल्या.

मामी गेल्याला आता काही वर्षं झाली. तिच्यामागे पहिल्याच शरदात मला वाटलं, आता मामांना अडवणारं कोणी नाही; यंदा ते तोडीला उभे राहणार. पण कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी मामाच वळकटी घेऊन प्रतापनगरला माझ्या दारात हजर. ‘रजा काढली का?’ म्हणाले. गाडी घाट चढायला लागली तेव्हा मी न राहवून विचारलं, ‘मामा, आता तर तुम्हाला कोणी आणलं नाही. मग?’

मामांनी खिडकीची काच ओढून घेतली.

‘मंग काय,’ ते म्हणाले, ‘तिले पुन्हा अनवाणी धावायले लावू?’