रस्त्याखाली गेलेला ओटा

घर बांधलं तेव्हा गवंडी मला हसला होता. एसटीत कंडक्टरची नोकरी, पगार बेताचा, खोल्या दोनच. पण ओटा मात्र मी असा लांब आणि उंच घालायला लावला, की ओट्यावरून घरात जायला एक मोठी पायरी उतरावी लागे. "लोक घरात चढतात अन् तुम्ही उतरून राह्यले," गवंडी म्हणाला. मी म्हटलं, "घरात झोपनारे दोघं. बसनारं सारं गाव हाये. कोनाची सोय पाहू?" तर बायको आतून म्हणाली, "गावाचीच पाहा. आमची कधी पाह्यली?" तिचंही काही खोटं नव्हतं.

आमचं गाव बीबी आणि दुसरबीडच्या मधे, जरा आडवाटेला. ड्युटीवरून आलो की खाकी सदरा काढायच्या आधी मी ओट्यावर टेकायचो. विहारातून येणारे, मशिदीतून येणारे, चक्कीवरून दळण आणणारे, सगळेच घटकाभर बसायचे. कोणाला बोलावणं लागत नसे. माणसाला खुर्ची दिली की तो पाहुणा होतो, लवकर उठतो. ओट्यावरचा माणूस हाकलला तरी जात नाही. पुढे मी रिटायर झालो, बायको गेली, पोरगा पुण्यात घर घेऊन बसला, तरी एकटं वाटणं म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. दिवस कलला की ओटा भरायचाच.

मग आमच्या गल्लीत रस्ते येऊ लागले. पहिला खडीचा. त्यावर सिमेंटचा. त्या सिमेंटला तडे गेले म्हणून त्यावर पुन्हा सिमेंटचा. जुनं उखडायचं नाही, त्याच्यावरच नवं ओतायचं, ही आमच्याकडची रीत. मार्च जवळ आला की मिक्सर घरघरायला लागतो. आलेला निधी परत गेला तर गावाचं नाक कापलं जातं, असं आमचे लोक मानतात. मग तो लागतो कशाला, हे कोणी पाहत नाही.

आणि भूमिपूजन दर वेळी माझ्या दारात. कुदळ रस्त्यावर मारायची आणि नारळ माझ्या ओट्याच्या कोपऱ्यावर फोडायचा, कारण कोपरा चांगला टणक. मी तांब्याभर पाणी आणून द्यायचो, मिळालेला खोबऱ्याचा तुकडा चावत उभा राहायचो. रस्त्यागणिक ओट्याची एकेक पायरी सिमेंटखाली गेली. कमरेइतका ओटा मांडीला आला, मग गुडघ्याला. मोटारसायकली बसणाऱ्यांच्या पायाला घासून जाऊ लागल्या. काही म्हातारे वारले, काही घरात टीव्हीपुढे गेले, आणि शेवटी ओट्यावर मी आणि मास्टर एवढेच उरलो.

मास्टर म्हणजे मागच्या गल्लीतला शिंपी. गावातल्या पोरांचे शाळेचे कपडे तोच शिवायचा. मशीन मारून मारून त्याचे गुडघे कामातून गेले. खाली बसला तर दोघांनी उठवावं लागे, नमाजसुद्धा स्टुलावर. पण माझ्या ओट्याची उरलेली उंची त्याच्या गुडघ्यांना बरोबर जमली होती. काठी टेकवत यायचा, बसायचा, कोणाचा हात न धरता उठायचा. त्याच्या पोराचं मलकापूरला कपड्याचं दुकान. तो बापाला न्यायला आला की मास्टर म्हणायचा, "येतो ना बाप्पा. पन कंडक्टरचा ओटा हाये तवरक कायले घाई करतं? तिथं वरच्या माळ्यावर मी कोनाशी बोलू?" पोरगा माझ्याकडे रागाने पाहायचा. मला बरं वाटायचं.

मास्टरला मोबाइलवर बातम्या ऐकायचा नाद. एकदा म्हणाला, "सरकारनं आनखी कर्ज काढलं म्हने."

"कायले?"

"रस्त्याले. अन् जुन्या कर्जाचं व्याज भराले."

"फेडनार कोन?"

"आपन तर नाई फेडत यार. आपन चाललो."

मी कंडक्टर माणूस, मला हिशेब गाडीतलाच समजतो. जो अजून गाडीत चढलाच नाही, त्याच्या नावाने आधीच तिकीट फाडायचं आणि त्या पैशात आतल्यांनी चहा प्यायचा, असं मी केलं असतं तर घरी बसवलं असतं मला. मास्टरला हे सांगितलं तर तो हसून हसून खोकला. हसू मलाही आलं, पण ती गोष्ट मनातून गेली नाही.

यंदाच्या मार्चात पुन्हा रस्ता मंजूर झाला. गल्ली मोठ्या रस्त्याच्या बरोबरीला आणायची, आधी मुरुमाची भर आणि वर सिमेंट. मोजमापाला आलेल्या साहेबांनी भिंतीवर चुन्याची रेघ मारली, ती थेट ओट्याच्या फरशीला लागली. म्हणजे ओटा पुरा गेला. मास्टरने त्या रेघेला काठीचं टोक लावून पाहिलं.

मी ग्रामसभेत उभा राहिलो. म्हटलं, "जुना रस्ता खोदा अन् मंग नवा करा."

ग्रामसेवक म्हणाला, "काका, खोदाचा खर्च एस्टिमेटमंदी नाई."

"मंग रस्ताच नोका करू. शाळेत चार वर्गांले एक मास्तर हाये, दुसरा आना."

"या पैशातून मास्तर येत नाई. हा पैसा रस्त्याचाच हाये."

"पन हाये कोनाचा?"

"सरकारचा. तुमच्या खिशातून चालला काय?"

"सरकारनं उसना आनला. उद्या लेकराबाळायच्या खिशातून जाईन."

मागून कोणीतरी म्हणालं, "कंडक्टर, घंटी मारा अन् गाडी जाऊ द्या." सगळे हसले. वाईट माणसं नाहीत ती, माझ्याच ओट्यावर वाढलेली आहेत. हात वर करायची वेळ आली तेव्हा माझ्या बाजूने मास्टरचा एक हात वर होता, दुसरा काठीवर. मी तणतणत घरी आलो.

त्या खेपेला मी पाणी दिलं नाही. नारळ त्यांनी माझ्याच कोपऱ्यावर फोडला. आठवड्यात काम झालं, आणि ओटा कुठे संपतो आणि रस्ता कुठे सुरू होतो ते कळेना. मी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. मास्टर आला, बसला. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न दिला, तसा तो काठी शोधत घाईने उठला आणि पडता पडता वाचला. दुसऱ्या दिवशीही आला, पण खुर्चीत नीट टेकलाच नाही, सारखा मागे पाहत राहिला. मग म्हणाला, "लोकायच्या रस्त्यात बसल्यावानी वाटते यार." मी त्याला घरात बोलावलं. पायरीशी येऊन त्याने खाली पाहिलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. त्या महिन्यात त्याचा पोरगा आला, तेव्हा मास्टरने काही सबब सांगितली नाही. एसटीपर्यंत मी त्याची पिशवी नेली. "ये बे मलकापूरले," तो म्हणाला. मी हाव म्हटलं. आमच्या दोघांच्याही वयाला ते होणारं नव्हतं.

तेव्हापासून करमत नाही, सरळ सांगतो. पावसाळ्यात रस्त्याचं पाणी घरात आलं, तर ते सुपलीने उपसता उपसता मी पाण्याशीच भांडत होतो. घरात बसलं की दारातून लोकांचे पाय तेवढे दिसतात. सगळे भराभर जातात. रस्ता चांगला झालाय ना. संध्याकाळ झाली की अजून कान काठीच्या आवाजाकडे लागतो, आणि मग माझाच मला राग येतो.

दिवाळीत पोरगा आला, सोबत नात. तिचं पहिलीचं वर्ष. सकाळी पाहतो तर चकली घेऊन ती दारात बसलेली, रस्त्याच्या काठावर, पाय आत माझ्या घरात सोडलेले.

"आबा, बसायला किती मस्त जागा आहे. आमच्याकडे अशी नाहीच. कोणी केली?"

"सरकारनं केली. तुह्याच पैशाची हाये."

"माझ्याकडे कुठे पैसे आहेत?"

"आज नाईत. तू मोठी होशीन, कमावशीन, तवा सरकार घेईन."

तिने जरा विचार केला. मला वाटलं, रुसेल, निदान का म्हणून विचारेल. तिने चकलीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला आणि बाजूला सरकली.

"मग तुम्ही बसा ना इथे. तुम्हाला फुकट."

जन्मभर मी फुकट्यांना गाडीतून उतरवलं. त्या दिवशी पायरी चढून वर आलो आणि नातीच्या पैशावर बसलो, बिनतिकीट.