बॉस्टनचा नकाशा

घरात आंबेमोहोर शिजायला लागला की मला बॉस्टन आठवतं. खरं तर आम्ही तिथे कधी गेलोच नाही.

माझी मुलगी मीरा तेव्हा बारा वर्षांची होती. एडिसन गावातल्या याच घरात, जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून, बंदरातली जुनी जहाजं कधी बघायची ते मी ठरवत होतो. हॉटेलच्या बाथरूममध्ये राइस कुकर लावायचा, हे तर नेहमीचंच. मीरा म्हणाली, "नो कुकर, बाबा. द होल हॉलवे स्मेल्स लाइक अस."

मी फाडकन तिच्या थोबाडीत दिली. मग आणखी एक. दातांच्या तारेने तिचा ओठ आतून फाटला आणि नकाशातल्या निळ्या बंदरावर रक्त टपटपलं. बायको मध्ये पडली, तेव्हा मी कुकर उचलून भिंतीवर आपटला. मुलीला वळण लावलं, असंच तेव्हा वाटलं होतं.

आज त्याच टेबलाशी पस्तिशीतली मीरा लॅपटॉपवर आमच्यासाठी बॉस्टनचं हॉटेल शोधत होती. "कुकर घेऊ या हं बाबा, यू नीड युवर वरणभात," ती हसत म्हणाली. मला भरून आलं. बंदराजवळचं एक हॉटेल दाखवायला मी पटकन हात उचलला.

मीराने डोळे घट्ट मिटून तोंड झाकून घेतलं.