वरच्या माळ्याची एकेचाळीस घरं

“सर, माझी एकेचाळीस घरं गेली.”

संगीता कांबळे लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाल्या. घाटकोपरला एका शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये माझं वर्कशॉप चालू होतं. दुसऱ्या दिवसाचे चार वाजले होते, म्हणजे प्रिंट काढायची वेळ.

“जातील कुठे ताई? फिल्टर लागला असेल.”

“फिल्टर नाहीये. तुम्ही ते साफ करायला लावलंत ना, त्यानंतर गेली.”

मी तीस वर्षं एका सर्व्हे कंपनीत नकाशे काढले. रिटायर झाल्यापासून ओपन सोर्स मॅपिंग शिकवतो. ओपन सोर्स म्हणजे कुणीही फुकट वापरावं, जमलं तर आतला कोड उघडून बदलावं. लायसनसाठी कुणाच्या पाया पडायला नको. या खेपेला समोर बारा आरोग्य सेविका होत्या, डोंगरावरच्या वस्तीत घरोघरी फिरणाऱ्या. प्रत्येकीने आपली वही स्क्रीनवर आणायची होती. उपग्रहाच्या फोटोवर छप्पर शोधायचं, त्यावर ठिपका टाकायचा, ठिपक्यामागे घर नंबर, माणसं किती, आजारी कोण, हे भरायचं. अशा सगळ्या ठिपक्यांचा मिळून एक लेयर होतो.

संगीताताईंची सोमवारी दुसऱ्या भागात बदली होती. नऊ वर्षांचं सगळं त्यांच्या डोक्यात. त्यांच्या जागी येणारी मुलगी आमच्या प्रिंटवर फिरणार होती. प्रिंटवर नसलेल्या घरात ती कशाला जाईल?

आता ते साफ करणं. माझा प्रत्येक वर्गातला आवडता आयटम आहे तो. शिकाऊ हाताने एकाच जागी दोन ठिपके पडतात, सॉफ्टवेअरमधलं एक टूल त्यातला एक उडवतं. मी ते सगळ्यांकडून एकदम करून घेतलं होतं. वर ऐटीत म्हणालोही होतो, “बघा, केवढा कचरा होता!”

“ताई, एकाच जागी दोन ठिपके होते तुमचे. घर दोनदा मोजलंत.”

“दोनदा कशी मोजेन? नऊ वर्षं चढतेय मी तिथे.”

“अहो, कॉम्प्युटर उगाच उडवत नाही.”

“मग चला तुम्ही. दाखवते.”

वर्कशॉप भरवणाऱ्या डॉक्टर मॅडम दारातच होत्या. “सर, पाच वाजता मला प्रिंट हवीय. थोडाफार फरक असेल तर जाऊ दे ना.”

खरं सांगतो, मी ‘हो’ म्हणणारच होतो. पण संगीताताईंनी पर्स खांद्याला लावली होती आणि बाकीच्या अकराजणी माझ्याकडे टकामका बघत होत्या. निघालो. रागातच.

डोंगरावरच्या त्या पायऱ्यांनी माझ्या गुडघ्यांची वाट लावली. ताई मात्र पुढे, जाता जाता ह्याची गोळी, त्याचा खोकला विचारत. एका निळ्या पत्र्याच्या घरापाशी त्या थांबल्या. बाहेरून लोखंडी शिडी लावलेली, जवळजवळ सरळ उभी.

“खाली शिंदे. वर गायकवाड काका. घरं वेगळी, रेशनकार्ड वेगळी. छप्पर एकच. आता तुम्हीच सांगा सर, ठिपका कुठे टाकायचा?”

त्यांनी खालचा ठिपका कॉपी करून तिथेच पेस्ट केला होता, नाव वरच्यांचं टाकून. कॉपी-पेस्ट आदल्या दिवशी मीच शिकवलं होतं.

मी शिडी चढलो. आत खाटेवर एक म्हातारे गृहस्थ, पायाला बँडेज. शुगरमुळे बोटं काढलेली. तेव्हापासून खाली उतरलेच नव्हते.

“कोण गं हे, संगीता?”

“नकाशावाले सर, काका. आपल्या वस्तीचा नकाशा करतायत.”

“असं? मी आहे का त्यात?”

“आहात ना,” मी म्हणालो. धडधडीत खोटं.

“मग झकास. ही चालली ना सोमवारी. नव्या बाईला कळायला पाहिजे, वर पण माणूस राहतो.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. संगीताताई ड्रेसिंगचा डबा उघडून काकांच्या पायाशी बसल्या.

परत आल्यावर पहिलं काम, सगळ्यांची माफी मागितली. ते टूल साफ केलेला लेयर वेगळा बनवतं, मूळ लेयर तसाच राहतो. तो काढून टाकायला मी सांगितलं नव्हतं, एवढीच काय ती अक्कल. सगळ्यांचे मूळ लेयर उघडले आणि घरं मोजली. बाराच्या बारा जणींची वरची घरं गेली होती! बाकीच्यांनी मोजलीच नव्हती. सरांनी सांगितलं म्हणजे बरोबरच असणार, असं एक जण म्हणालीसुद्धा.

मग ‘मजला’ असा नवा कॉलम केला आणि वरच्या घरांचे ठिपके हाताने जरा बाजूला सरकवले. प्रिंट सात वाजता निघाली. डॉक्टर मॅडम माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

सोमवारी दुपारी संगीताताईंचा फोन आला. नवी मुलगी गायकवाड काकांची शिडी चढून आली होती, कुणाला न विचारता.

ते टूल मी अजूनही शिकवतो. फक्त वर्कशॉपच्या आदल्या दिवशी वस्तीत एक चक्कर मारतो. गुडघे दुखतात, पण चढतो.